बेंटची वखार पाहायला जाताना

प्रश्न थोडक्यात असा. विचारणारे निवृत्त शिक्षक आहेत, मुलगा डेन्व्हरला आहे आणि त्याच्याकडे दोन महिने मुक्काम आहे. बरोबर नऊ वर्षांचा नातू आणि सहा वर्षांची नात. मुलाने येत्या शनिवारी आग्नेय कोलोरॅडोतला बेंट्स ओल्ड फोर्ट दाखवायचं ठरवलंय. यांनी थोडं वाचलं तेव्हा कळलं की मूळ किल्ला केव्हाच मातीला मिळाला आणि आज उभा आहे तो १९७६ साली नव्याने बांधलेला. "राजगड, रायगड पायी पाहिलेल्या माणसाने तीन तास गाडीत बसून पन्नास वर्षांपूर्वीची प्रतिकृती पाहायला जावं का? आणि गेलोच तर पोरांना दाखवायचं काय?"

जा. तीन तास गाडीत बसण्याच्या लायकीची जागा आहे. फक्त किल्ला पाहायला निघालोय असं मनात धरू नका, वखार पाहायला निघालोय असं धरा. निम्मी निराशा तिथेच टळेल.

मी कॉन्झर्वेशन आर्किटेक्ट आहे. बावीस वर्षं माती, चुना आणि लाकूड यांच्याशीच गाठ. कामं बहुतेक गढ्यांची आणि वाड्यांची. धाकटी बहीण कोलोरॅडो स्प्रिंग्जला असते, त्यामुळे या फोर्टला दोनदा जाणं झालं, एकदा भर उन्हाळ्यात आणि एकदा नोव्हेंबरात. पहिल्यांदा निघाले तेव्हा माझंही नाक तुमच्यासारखंच मुरडलेलं होतं. आमच्या धंद्यात "पुन्हा तसंच बांधलं" हे वाक्य जवळजवळ शिवीसारखं वापरतात.

आधी शब्दाचा घोळ निस्तरू. अमेरिकेच्या पश्चिमेत 'फोर्ट' हे नाव कशालाही चिकटतं. वायोमिंगमधलं फोर्ट लॅरमी हे लष्कराचं मोठं ठाणं, पण लष्कराच्या काळात त्याला धड तटबंदी नव्हती. बेंट्स फोर्टला तट आहे, बुरूज आहेत, जंग्या आहेत, आणि तो लष्कराने बांधलेलाच नाही. बेंट, सेंट व्रेन अँड कंपनी या खाजगी कंपनीची ती मालमत्ता. चार्ल्स आणि विल्यम बेंट हे भाऊ आणि त्यांचा भागीदार सेरन सेंट व्रेन यांनी १८३३ च्या सुमारास आर्कान्सा नदीच्या उत्तर काठावर ती उभी केली. सुरतेची, राजापूरची इंग्रजांची वखार तुम्ही वर्गात शिकवलीच असेल. परक्या मुलखात माल साठवायचा, स्थानिकांशी देवघेव करायची, आणि माल मोलाचा म्हणून भोवती भिंत घालायची. जात तीच. फक्त समुद्राच्या जागी गवताचं मैदान आणि गलबतांच्या जागी बैलांच्या नि खेचरांच्या गाड्या.

जागा निवडण्यात या भावांची अक्कल दिसते. त्या काळी आर्कान्सा नदी म्हणजे सरहद्द होती, अलीकडे अमेरिका आणि पलीकडे मेक्सिको. अमेरिका-मेक्सिको युद्ध संपवणाऱ्या १८४८ च्या तहानंतर ती सरहद्द राहिली नाही. मिसूरीहून सांता फेला जाणारी व्यापारी वाट इथून जायची आणि मिसूरी सोडल्यावर मेक्सिकन वस्ती लागेपर्यंत मधे असं पक्कं ठिकाण दुसरं नव्हतं. भोवतालचा मुलूख शायेन आणि अरापाहो या मूळ अमेरिकन जमातींचा. ते बायसनची, म्हणजे तिकडच्या केसाळ रानगव्याची, केसांसकट कमावलेली कातडी आणत. इकडून कापड, पितळी भांडी, मणी, तंबाखू, कॉफी, साखर, बंदुका आणि चीनहून आलेला हिंगूळ जाई. हो, अंगाला नि चेहऱ्याला लावायचा लाल हिंगूळ. युरोपात बीव्हर या पाण्याकाठच्या प्राण्याच्या केसांच्या टोप्या मागे पडून रेशमी टोप्या आल्या तशी बीव्हरची मागणी ओसरली आणि सगळा भर बायसनच्या कातड्यांवर आला. ती कातडी कमावण्याचं जिकिरीचं काम शायेन बायका करत. नवरा शिकार करी, पण माल तयार होई तो बायकांच्या हातून. वखारीच्या हिशेबात त्यांची नावं शोधायला जाऊ नका.

विल्यम बेंटने लग्नही तिथेच केलं. आउल वुमन ही शायेनांच्या पवित्र बाणांची राखण करणाऱ्या व्हाइट थंडरची मुलगी. हे लग्न त्याच्या धंद्याचा पाया होतं असं म्हटलं तरी चालेल. सासरा इतका मानाचा असल्यावर मैदानात जावयाच्या गाड्यांना हात कोण लावणार?

आता इमारतीकडे येते. गाडी लावल्यावर फोर्टपर्यंत साधारण पाव मैल चालावं लागतं. वाट पक्की आहे, चढ नाही, पण सावलीही नाही. मला वाटतं हे चालणंच या भेटीतला सगळ्यात चांगला भाग आहे. समोर सपाट गवत, बाजूला नदीकाठच्या कॉटनवुड झाडांची रांग, आणि मधोमध मातकट रंगाचा एक ठोकळा हळूहळू मोठा होत जातो. आठवडेच्या आठवडे फक्त क्षितिज पाहत आलेल्या गाडीवानाला तो काय वाटला असेल, हे या पाव मैलात थोडं कळतं. नातवाला पळू द्या पुढे.

जवळ गेल्यावर तुम्हाला सह्याद्री आठवणार नाही, देशावरची गढी आठवेल. मराठवाड्यात किंवा सोलापूरकडे पांढऱ्या मातीची गढी पाहिली असेल तर अर्धा फोर्ट तुम्ही आधीच पाहिलाय. कच्च्या विटांच्या, आपल्याकडे खेड्यात भेंडे म्हणतात तसल्या विटांच्या, दोन-तीन फूट जाड भिंती. उंची पंधरा फुटांच्या आसपास. समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांवर गोल बुरूज. एकच मोठा दरवाजा, त्यावर टेहळणीची खोली. आत चौक आणि चौकाभोवती दोन मजली खोल्यांच्या ओळी. छपरंही आपल्या माळवदासारखी: आडव्या गोल तुळया, त्यांवर बारीक लाकडांची किलचं, त्यावर मातीचा थर, आणि पाणी बाहेर फेकायला भिंतीतून पुढे आलेली पन्हळी. बांधणारे हात मेक्सिकन होते, न्यू मेक्सिकोतल्या ताओस गावाकडचे. त्यांच्या आज्या-पणज्यांची घरं अशीच. तटाच्या माथ्यावर मात्र निवडुंग लावलेला, कोणी चढू नये म्हणून. आपल्याकडे कुंपणाला निवडुंग लावत, यांनी भिंतीच्या डोक्यावर लावला.

तर मग "हे सगळं १९७६ चं" या आक्षेपाचं काय?

खरंच १९७६ चं आहे. १८४९ साली मैदानात पटकीची साथ आली. दक्षिणेकडच्या शायेनांतली निम्मी माणसं गेली असं मानतात. धंदाही बसत चालला होता. त्याच वर्षी विल्यम बेंटने वखार सोडली. जाताना त्याने ती दारू लावून उडवली अशी कथा तिथे हमखास ऐकायला मिळते, पण अभ्यासकांचं त्यावर एकमत नाही. पुढे त्या पडक्या भिंतींत टपालगाड्यांचं ठाणं आलं, मग गुरं बांधली गेली. मातीचं छप्पर गेलं की भिंत किती दिवस टिकते ते तुम्ही गावाकडे पाहिलंच असेल. विसाव्या शतकात उरला होता तो जमिनीवर जेमतेम दिसणारा उंचवटा. १९५४ मध्ये तिथे उत्खनन झालं, १९६० मध्ये जागा राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ झाली, साठच्या दशकात नॅशनल पार्क सर्व्हिसने, म्हणजे अशी स्थळं सांभाळणाऱ्या सरकारी खात्याने, सविस्तर खोदकाम केलं, आणि देशाची दोनशे वर्षं नि कोलोरॅडो राज्याची शंभर वर्षं एकाच साली येत होती तो मुहूर्त साधून १९७६ ला नवा फोर्ट मूळ जागेवर उभा राहिला.

१९६४ ची व्हेनिस सनद हे आमच्या धंद्याचं बायबल. तिच्या नवव्या कलमात सांगितलंय की जिथे अटकळ सुरू होते तिथे जीर्णोद्धार थांबला पाहिजे. उत्खननात निघालेल्या अवशेषांवर नवं बांधूच नका, असंही पंधरावं कलम सांगतं. फार तर पडलेले मूळ दगड परत जागी बसवा. त्या हिशेबाने बेंट्स फोर्ट हा गुन्हाच. अमेरिकेतही पार्क सर्व्हिसच्या लोकांत अशा पुनर्बांधणीबद्दल पहिल्यापासून नाराजी आहे, आणि पुरेसा पुरावा असल्याशिवाय ती करू नये असा त्यांचाच दंडक आहे.

इथे पुरावा कुठून आला, ती गोष्ट पोरांना जरूर सांगा. १८४६ च्या उन्हाळ्यात मेक्सिकोवर चढाई करायला निघालेली जनरल कर्नीची फौज इथे येऊन थांबली. तिच्यातला लेफ्टनंट जेम्स अबर्ट हा नकाशे काढणाऱ्या पथकातला अधिकारी आजारी पडला. फौज पुढे गेली, हा मागे राहिला. बरा होत असताना पडल्या पडल्या करणार काय? त्याने वखार मोजायला घेतली. खोल्यांचा नकाशा, भिंतींची मापं, दर्शनी चित्रं. शंभर वर्षांनी खोदणाऱ्यांना जमिनीत पाया सापडला तो त्याच्या कागदाशी ताडून पाहता आला. एका लष्करी अधिकाऱ्याच्या दुखण्यातून अख्खी इमारत परत उभी राहिली. अशी मोजणी आपल्याकडच्या किती गढ्यांची झालीय हा विचार माझ्या मनात तिथे दिवसभर घोळत होता, पण तो तुमच्या प्रश्नाचा भाग नाही.

म्हणून माझी सूचना: आत शिरल्यावर प्रत्येक गोष्टीला एकच प्रश्न विचारा, "हे कशावरून?" नातवाला तो प्रश्न इंग्रजीत पाठ करून द्या आणि रेंजरच्या, म्हणजे तिथे माहिती देणाऱ्या पार्क सर्व्हिसच्या माणसाच्या, मागे सोडा. मी हाच खेळ बहिणीच्या मुलाबरोबर खेळले. उत्तरं चार प्रकारची येतात. खोलीचं माप कशावरून? अबर्टच्या नकाशावरून. या कपाटातल्या बाटल्या, मणी, चिलमी कशावरून? खोदताना उकिरड्यात सापडल्या त्यांवरून. छपराची लाकडं अशीच कशावरून? त्या काळच्या न्यू मेक्सिकोतल्या घरांवरून. आणि चौथं उत्तर, ज्याची मी वाट पाहत होते: "इथे आम्ही अंदाज केलाय." हे शेवटचं उत्तर बेधडक देणारा रेंजर भेटला की समजा तुमचा दिवस चांगला. आमच्याकडच्या कितीतरी फलकांवर हे एक वाक्य लिहायची हिंमत होत नाही.

दुसऱ्यांदा गेले तेव्हा एका भिंतीच्या पायथ्याशी मातीचं काम चालू होतं. मी तिथेच उभी राहिले, बहीण कंटाळून चौकात जाऊन बसली. मातीच्या भिंतीची दुखणी वरून आणि खालून येतात, मधून फारशी येत नाहीत. वरून म्हणजे छपराचं, पन्हळीचं पाणी. खालून म्हणजे जमिनीतली ओल. ओल भिंतीत चढते, येताना क्षार घेऊन येते, पाणी सुकतं आणि क्षार मागे राहून भिंतीचा पायथा पिठासारखा भुरभुरत जातो. आपण म्हणतो लोणा लागला. कोलोरॅडोत पाऊस कमी, पण हिवाळ्यात भिंतीतलं पाणी गोठतं, फुगतं, परत वितळतं, म्हणजे दुखण्यावर डागणी. उपाय जुनाच आहे: भिंतीला तिच्याच मातीचा, गवत घातलेला गिलावा द्यायचा आणि तो झिजला की परत द्यायचा. गिलावा झिजण्यासाठीच असतो. तो झिजतो म्हणून भिंत वाचते.

माझ्या एका गढीच्या कामावर हे उलटं झालं. मी पावसाळ्याआधी कामावर जाऊ शकले नाही, आणि ठेकेदाराने "ताई, मजबूत करून टाकतो" म्हणत बाहेरून सिमेंटचा गिलावा चढवला. दिसायला झकास. ओल आत कोंडली. दुसऱ्या पावसाळ्यानंतर सिमेंटचा पापुद्रा ताठ उभा होता आणि त्याच्या मागची भिंत चिखल होऊन खाली बसली होती. बोटाने ठोकलं तर ढोलकीसारखा आवाज. पूर्ण पंचवीस फूट भिंत उतरवावी लागली. म्हणून फोर्टच्या भिंतीला हात लावायची परवानगी असेल तिथे तळवा टेकवून पाहा. उन्हातही आतून गारवा जाणवतो. पृष्ठभागावर गवताच्या काड्या दिसतील, एखाद्या ठिकाणी बोटांचे फराटेही. इथे १९७६ की १८३३ हा वाद जरा बाजूला पडतो, कारण मातीची इमारत ही कधीच एका सालची नसते. बेंटच्या काळातही दर थोड्या दिवसांनी कोणीतरी टोपली घेऊन भिंतीशी उभंच असणार.

आतल्या खोल्यांपैकी कुठे थांबायचं? मालाची खोली सगळे पाहतात, तुम्हीही पाहाल. चौकात मधोमध लाकडी प्रेस आहे. वऱ्हाडात कापसाच्या गाठी बांधतात त्याच तत्त्वावर इथे कातड्यांचे गठ्ठे दाबून बांधत, म्हणजे गाडीत जास्त मावत. नातवाला हे आवडेल. लोहारकाम, सुतारकाम दाखवणारी माणसं काही दिवशी असतात, काही दिवशी नसतात. आम्ही गेलो तेव्हा आवारात मोर फिरत होते. मोर! पूर्वी इथे मोर पाळलेले होते म्हणून आताही ठेवलेत म्हणाले. त्या वैराण मैदानात आपला मोर केकाटताना ऐकून माझी बहीण खो खो हसत सुटली.

स्वयंपाकघरात मात्र जरा थांबा. इथे शार्लट ग्रीन रांधायची. ती आणि तिचा नवरा डिक, दोघेही बेंटांचे गुलाम. वखारीच्या पाहुणचाराचं, शार्लटच्या हाताच्या चवीचं कौतुक जुन्या प्रवाशांनी भरभरून लिहून ठेवलंय. चार्ल्स बेंट न्यू मेक्सिकोचा पहिला अमेरिकन गव्हर्नर झाला आणि जानेवारी १८४७ मध्ये ताओसच्या उठावात मारला गेला. त्यानंतर उठाव मोडायला गेलेल्यांत डिक होता. त्याच्या शौर्यावर खूश होऊन विल्यमने नवराबायकोला मोकळं केलं. मालकाच्या भावाच्या सूडासाठी लढल्यावर मिळालेलं स्वातंत्र्य. सहा वर्षांच्या नातीला हे नको, नऊ वर्षांच्याला थोडं सांगता येईल.

आणि वरच्या मजल्यावरची सुझन मॅगॉफिनची खोली. सुझन ही केंटकीच्या बड्या घरातली मुलगी, व्यापारी नवऱ्याबरोबर सांता फेच्या वाटेला निघालेली, पोटुशी. कर्नीची फौज इथे होती त्याच दिवसांत ती वखारीत उतरली. तिची रोजनिशी सुदैवाने शिल्लक आहे. बाहेरून वखार पाहून तिला जुन्यापुराण्या गढी-किल्ल्याची आठवण झाली, म्हणजे आपण दोघं एकटेच नाही. खोलीला मातीची जमीन. धूळ उडू नये म्हणून दिवसभर पाणी शिंपडत राहायची असं ती लिहिते. हे वाचताना मला आमच्या आजोळच्या अंगणातला सडा दिसला. खाली घोड्यांना नाल ठोकणं, खेचरांचं ओरडणं, पोरांची रडारड, बाप्यांची भांडणं, आणि वर ही तापलेली. ३० जुलै १८४६ ला ती एकोणीस वर्षांची झाली. दुसऱ्या दिवशी तिचा गर्भ गेला. त्याच सुमारास खालच्या खोलीत तिथल्या मूळ जमातीतली एक बाई (तिच्या शब्दांत 'इंडियन') बाळंत झाली, बाळ ठणठणीत, आणि अर्ध्या तासात ती बाळाला घेऊन नदीवर आंघोळीला गेली, असं सुझनने नवलाने लिहून ठेवलंय. त्या बाईचं नाव तिने लिहिलेलं नाही.

ही रोजनिशी मी मुद्दाम इतकी सांगितली, कारण पुनर्बांधलेल्या जागेची खरी उणीव तिच्यामुळे कळते. आजचा फोर्ट नीटनेटका आहे. शांत आहे. १८४६ च्या उन्हाळ्यात तिथे दीड हजारांहून जास्त सैनिक भोवती तळ देऊन होते, त्यांच्या जनावरांनी मैलोगणती गवत खाऊन टाकलं होतं, चौकात शेण, घाम, ओली कातडी आणि भट्टीचा धूर यांचा वास कोंदलेला असणार. भिंती परत बांधता येतात, पण तो वास आणि गलका कोण परत आणणार? चौकात पाच मिनिटं डोळे मिटून उभं राहून तो कल्पनेने भरून काढा. त्यासाठी तुमच्या हाताशी सुझन आहे.

पडकं तसंच ठेवलं तर कसं दिसतं हे पाहायचं असेल, तर याच व्यापारी वाटेवर न्यू मेक्सिकोत वॉट्रस गावाजवळ फोर्ट युनियन आहे. १८५१ साली सुरू झालेलं लष्करी ठाणं, आज उरलंय तेही कच्च्या विटांचंच. तिथे त्यांनी काही उभारलं नाही. फक्त आहे ते आणखी ढासळू न देण्याची धडपड चालू आहे. मैदानात नुसत्या भिंतींचे सुळके आणि धुराडी उभी दिसतात. धंदेवाईक माणूस म्हणून विचाराल तर मला फोर्ट युनियन जास्त प्रामाणिक वाटतं. सहा आणि नऊ वर्षांच्या पोरांना घेऊन जायचं असेल तर मी बेंट्स फोर्टलाच जाईन. पडक्या भिंतीवरून घर डोळ्यांपुढे आणायला आधी एक उभं घर पाहिलेलं असावं लागतं.

ही सगळी 'पायोनियर' मंडळींची कहाणी म्हणून सांगितली जाते. अनोळखी रानात पहिलं पाऊल टाकणारे धाडसी लोक, वगैरे. ते रान अनोळखी कोणाला होतं, हा प्रश्न तिथेच उभं राहून विचारावा. बेंट्स फोर्टमध्ये त्याचं उत्तर निम्मंच मिळतं, कारण तिथली सोळा वर्षं बरीचशी सलोख्याची. उरलेलं उत्तर साधारण दीड तासावर आहे, म्हणून जमलं तर एक मुक्काम करा.

विल्यम बेंटने १८५३ मध्ये नदीच्या खालच्या अंगाला दगडी वखार बांधली. काही वर्षांनी ती लष्कराने घेतली आणि तिथलं ठाणं पुढे फोर्ट लायन झालं. २८ नोव्हेंबर १८६४ च्या रात्री कर्नल चिव्हिंग्टन तिथूनच सुमारे सातशे सैनिक घेऊन निघाला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे सँड क्रीकच्या काठी झोपलेल्या शायेन आणि अरापाहो लोकांच्या छावणीवर तुटून पडला. शायेनांचा मुखिया ब्लॅक केटल याच्या तंबूवर अमेरिकेचा झेंडा होता. दोनशे तीसच्या आसपास माणसं मारली गेली, त्यांत बायका, मुलं आणि म्हातारेच जास्त. विल्यमचा मुलगा रॉबर्ट याला वाटाड्या म्हणून जबरदस्तीने नेलं होतं. त्याचे भाऊ जॉर्ज आणि चार्ल्स छावणीत होते. जॉर्जच्या मांडीच्या वरच्या बाजूला गोळी लागली, तो वाचला. ज्या घराने दोन समाजांत सोयरीक जोडून वखार चालवली, त्याच घराची मुलं त्या पहाटे दोन्हीकडे होती.

सँड क्रीकला २००७ पासून राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ आहे. तिथे काहीही बांधलेलं नाही. टेकाडावरून पायवाट जाते, खाली ओढ्याची वळणं आणि झाडं दिसतात, वारा असतो. खालच्या पात्रात उतरायचं नाही; मारल्या गेलेल्यांच्या वंशजांसाठी ती पवित्र जागा आहे. आधी भरभक्कम बांधलेला फोर्ट आणि मग हे मोकळं मैदान, असा क्रम ठेवा. नातीला मुलाबरोबर गाडीपाशी थांबवलंत तरी चालेल, पण नातवाला तुम्ही स्वतः घेऊन जा आणि काय घडलं ते मराठीत सांगा.

आता व्यवहाराचं. डेन्व्हरहून हायवे २५ ने प्वेब्लोपर्यंत खाली यायचं, तिथून ५० नंबरच्या रस्त्याने पूर्वेला ला हुंटा. वाटेत रॉकी फोर्ड लागेल. ऑगस्टमध्ये असाल तर तिथली खरबुजं रस्त्याच्या कडेला मिळतात, ती घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका. ला हुंटाहून फोर्ट दहा-पंधरा मिनिटांवर. निघण्याआधी पार्क सर्व्हिसच्या वेबसाइटवर दोन्ही स्थळांचे उघडे दिवस आणि सध्याच्या सूचना नक्की वाचा. मातीच्या इमारतीत दुरुस्तीसाठी किंवा सुरक्षेसाठी खोल्या, कधी अख्खा वरचा मजलाही बंद ठेवावा लागतो. मजला बंद असला तरी चौक आणि बाहेरून तटाला एक फेरी, एवढ्यावरही दिवस वाया जात नाही. उन्हाळ्यात सकाळी लवकर पोचा. दुपारी चौकातून आगीसारखी झळ येते आणि गडगडाटी वादळं येतात तीही दुपारनंतरच. टोपी, पाणी, आणि खायचं आपलं आपण न्या. बहिणीने दशम्या नि शेंगदाण्याची चटणी घेतली होती, ती आम्ही गाडीतळाजवळ बसून खाल्ली. जिने उंच पायऱ्यांचे आहेत. तुमचे गुडघे राजगड चढलेले असले तरी कठडा धरून चढा. सँड क्रीकचा शेवटचा रस्ता कच्चा आहे, पावसानंतर चिखल होतो, आणि फोनला रेंज मिळेलच असं नाही. ईड्स गावात टाकी भरून घ्या, पुढे पेट्रोल पंप नाही.